मुलांना स्मार्टफोन उशिरा कसा द्यावा आणि तोवर घरातल्या फोनचं काय करावं

"आई, वर्गात सगळ्यांकडे फोन आहे, फक्त माझ्याकडेच नाही." हे वाक्य साधारण सहावी-सातवीत येतं आणि इथंच आपण आईबाप ढिले पडतो. तर पहिलं काम, हे "सगळे" नेमके कोण ते बघा. मी मुलीच्या मैत्रिणींच्या घरी एकेक करून फोन लावले तर कळलं की स्वतःचा फोन फक्त तिघींकडे आहे, बाकी घरांत हेच वाक्य चालू होतं आणि दोन ठिकाणी तर "तिच्याकडे आहे" म्हणून माझ्याच मुलीचं नाव सांगितलं होतं! मग आम्ही पाच घरांनी मिळून ठरवलं की दहावी होईपर्यंत कुणीच द्यायचा नाही, आणि मुलींना एकत्र बसवून तसं सांगितलं. एकट्या घराने अडवून धरलं की पोर एकटं पडतं, चार मैत्रिणी सोबत असल्या की तेवढं टोचत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये हे अख्ख्या गावासाठी केलं. लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन शाळेनंतर पोरं फोन सोडेनात म्हणून संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजवायचा आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला आणि मोठ्यांच्याही सिरियल बंद. मला यातलं मोठ्यांचं कलम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आपण जेवताना रील्स बघत बसलो तर पोरांना काय तोंडाने सांगणार.

क्लासला जातायेता फोन लागतोच अशी अडचण असेल तर साधा कीपॅडवाला घ्या, पण घेताना दुकानात चालू करून बघा कारण हल्ली काही कीपॅड फोनमध्येही यूट्यूब आणि व्हॉट्सॲप असतं. शाळेचा होमवर्क ग्रुप आपल्याच नंबरवर ठेवा.

आता घरातला फोन. खरं बघितलं तर पोराला स्वतःचा फोन नसला तरी आपला रोज तासभर त्याच्या हातात असतोच. म्हणून लॉकचा पिन आणि यूपीआयचा पिन त्याला माहीत नको, प्ले स्टोअरमध्ये खरेदीला पासवर्ड लावा आणि अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये ॲप पिनिंग शोधा, ते चालू करून सोबतचा पिन विचारण्याचा पर्यायही लावा, मग ॲप पिन करून दिलं की त्यातून बाहेर पडायला पिन लागतो. पोरासाठी वेगळा फोन किंवा टॅब असेल तर गूगलचं फॅमिली लिंक टाका, त्यात रोजची वेळ ठरवता येते आणि नवीन ॲप तुमच्या परवानगीशिवाय येत नाही.

पण सेटिंगच्या भरवशावर राहू नका हं. माझा भाचा तेरा वर्षांचा, गेममध्ये एक "दादा" भेटला, त्याने फुकट डायमंड (गेममधले पैसे) दिले, मग म्हणाला इथे नको दुसऱ्या ॲपवर बोलू, मग फोटो मागितला आणि फोटो गेल्यावर धमक्या सुरू. ताईला एवढंच दिसत होतं की फोन टिंग वाजला की त्याचा घास हातातच थांबतो. अकरा दिवस तो गप्प होता. का सांगितलं नाहीस विचारलं तर म्हणाला, "तू फोन काढून घेतला असतास." म्हणून आजच सांगून ठेवा की चूक तुझी असली तरी मला सांगितलंस म्हणून ओरडणार नाही आणि फोनही काढून घेणार नाही, आणि मग तो शब्द पाळा.

असं काही झालंच तर चॅट डिलीट करू नका, समोरच्याचं प्रोफाइल, नंबर, धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्या, पैसे अजिबात देऊ नका, मग ब्लॉक करा. मुलाचा फोटो नातेवाईकांनासुद्धा फॉरवर्ड करायचा नाही. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन, बाकी तक्रार सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर, तिथे मुलांच्या लैंगिक छळाची तक्रार नाव न देताही करता येते. मुलाला आधाराची गरज वाटली तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८. आणि पोलिसांकडे जायला कचरू नका, १८ च्या आतल्या मुलासोबत असं करणं हा २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे.

पुढे जेव्हा फोन द्याल तेव्हा अकाउंट स्वतः शेजारी बसून उघडा आणि जन्मसाल खरंच टाका. कितीतरी आईबाप पोराला अकाउंट मिळावं म्हणून स्वतःच साल मागे नेतात आणि मग ते ॲप त्याला मोठं माणूस समजून वागवतं. इन्स्टाग्राम किमान १३ वर्षं मागतं, पण खरं वय दिलं तर १८ च्या आतल्यांचं अकाउंट आपोआप प्रायव्हेट होतं आणि अनोळखी माणूस थेट मेसेज करू शकत नाही. १६ च्या आत असेल तर हे सैल करायला आईबापाची परवानगी लागते, ती मागितली तर लगेच देऊन टाकू नका.

रात्रीसाठी आमच्याकडे ओट्याशेजारी एक टोपली आहे, चार्जर तिथेच लावलेत. साडेनऊला फोन त्यात जातात, सगळ्यात आधी मुलीच्या बाबांचा.