पॅपायपेमा ओळखायचाय? पंख नंतर, आधी झाड बघा

पॅपायपेमा या पतंगांच्या गटावर काम करायला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात येणाऱ्यांसाठी लिहितोय. नॉक्ट्युइडीचं, म्हणजे हे पतंग ज्या कुळात येतात त्याचं, बेसिक तुम्हाला येतच असेल, ते सोडून देतो. उत्तर अमेरिकेत या जीनसच्या (प्रजातीच्या) चाळीसहून जास्त जाती, बहुतेक तपकिरी-पिवळ्या, आणि सगळ्यांच्या अळ्या खोड नाहीतर मूळ पोखरणाऱ्या.

मला हवा होता पॅपायपेमा एरिंजी, अमेरिकन कीटक-अभ्यासक हेन्री बर्डने १९१७ मध्ये वर्णन केलेला. याची अळी फक्त रॅटलस्नेक मास्टरवर जगते, म्हणजे आपल्या कोथिंबीर-गाजराच्या कुळातलं प्रेअरीचं, म्हणजे इथल्या गवताळ माळांवरचं, काटेरी झाड. सप्टेंबरच्या रात्री लाइट शीटवर (पतंग यावेत म्हणून दिव्यासमोर ताणलेली पांढरी चादर) जांभळट तपकिरी पतंग बसला, पंखावर ठळक पांढरे ठिपके, आणि मी तिथेच एरिंजी लिहून मोकळा झालो. तो निघाला नेब्रिस, याच जीनसमधला, मक्यातला साधा खोडकिडा! अख्ख्या सीझनचा डेटा परत तपासावा लागला, आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

तेव्हा हे नीट ऐका. पांढरे ठिपके म्हणजे ओळख नाही. नेब्रिस एकच जात, पण तिचे काही पतंग ठिपकेवाले, काही बिनठिपक्याचे, इतके वेगळे दिसतात की १८५२ मध्ये गेने या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने बिनठिपक्याच्या रूपाला नायटेला म्हणून वेगळी जातच ठरवलं होतं. म्हणजे ठिपके असले तरी फसाल, नसले तरी फसाल, त्यात पंख झिजलेला असेल तर विषयच संपला. फोटोवरून नाव सांगणारी ॲप्स यात वापरूच नका, आणि फोटो पाहून एका ओळीत नाव कळवणाऱ्या गाइडपेक्षा उन्हात सोबत येऊन झाड दाखवणारा गाइड शोधा, भले तो कमी प्रसिद्ध असेल.

जून-जुलैत रॅटलस्नेक मास्टरच्या बुडाशी बघा, छिद्र आणि ओला भुसा दिसला की आत अळी आहे. खोड चिरू नका, परवानगीशिवाय तर अजिबात नाही, अळी मरते आणि प्रेअरी आधीच चिमूटभर उरलीय. अंडी हिवाळाभर तिथल्याच पाचोळ्यात असतात, म्हणून प्रेअरी टिकावी यासाठी मुद्दाम आग लावताना सगळा पट्टा एकदम जाळणाऱ्यांशी मी भांडतो, निम्मा तरी सोडा.

पहिल्या वर्षी काही सापडलं नाही तर खचू नका, खरंच. मला दुसऱ्या जुलैत, अकरा झाडं तपासल्यावर, एका बुडाशी तो भुसा दिसला. झाडाला रिबीन बांधली, सप्टेंबरच्या शेवटी रोज टॉर्च घेऊन गेलो, आणि सहाव्या रात्री त्याच झाडावर ताजा, न झिजलेला एरिंजी पंख वाळवत बसला होता.