याकोब हारानला गेला तेव्हा किती वर्षांचा होता? उलटं मोजून काढा

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातल्या घरगुती गोष्टी वाचताना एक लक्षात ठेवा, अध्यायांचा क्रम म्हणजे काळाचा क्रम नाही. कागद घ्या आणि जिथे वय स्पष्ट दिलंय तेवढेच आकडे आधी लिहा.

याकोबाचा मुलगा योसेफ फारोसमोर, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजासमोर उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा (अध्याय ४१, वचन ४६), मग सुकाळाची ७ वर्षं आणि दुष्काळाची २ गेल्यावर बाप याकोब मिसरात आला, म्हणजे योसेफ साधारण ३९. त्याच वेळी याकोब फारोला स्वतःचं वय १३० सांगतो (४७:९). वजा करा, योसेफ जन्मला तेव्हा याकोब ९१ चा! हारानला मामा लाबानाकडे बायकांसाठी केलेल्या चाकरीची १४ वर्षं त्याच सुमारास संपली होती (३०:२५), ती काढली की हारानला पोचताना तो ७७ च्या आसपास येतो. आपण मनात तरुण पोरगा धरून वाचत असतो ना, तो नाहीये हा.

आता खरी मजा बघा. याकोबाचा बाप इसहाक, त्याला ६० व्या वर्षी याकोब झाला आणि इसहाक १८० व्या वर्षी गेला, म्हणजे तेव्हा याकोब १२०, योसेफ २९. पण इसहाकाचा मृत्यू सांगितलाय ३५ व्या अध्यायात आणि योसेफ गुलाम म्हणून विकला जातो ३७ व्यात, १७ व्या वर्षी, म्हणजे नातू विकला गेला तेव्हा आजोबा जिवंत होते! मला हे फार चटका लावतं.

योसेफचा भाऊ यहूदा आणि त्याची सून तामार यांचा ३८ वा अध्याय मात्र पेन्सिलनेच लिहा, योसेफ विकला गेल्यापासून याकोब मिसरात येईपर्यंतच्या २२ वर्षांत त्या दोघांच्या पेरेस या मुलाची मुलंसुद्धा बसवायची तर फारच ओढाताण होते.