सँडिंग मशीनला लाईट देताना आधी अर्थिंग बघा

चोपड्याला आमचं सुतारकामाचं छोटं वर्कशॉप आहे, सागाची दारं, चौकटी, पलंग असं काम चालतं. बेल्ट सँडर, म्हणजे फिरत्या घासपेपरच्या पट्ट्याने लाकूड गुळगुळीत करणारं मशीन, आणलं तेव्हा पंख्याच्या बोर्डातूनच लाईन ओढली, मशीन फिरतंय म्हणजे सगळं बरोबर असं धरून चाललो. एक दिवस कामावरचा पोरगा म्हणे, "भो, मशीन झटका दी राह्यनं." टेस्टर लावला तर पूर्ण पत्र्यात लाईट! अर्थची हिरवी वायर प्लगच्या आतच तुटलेली होती, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पोराच्या पायात रबरी चप्पल होती म्हणून बरं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, मशीन घेतलं की पहिले अर्थिंग बघा.

आता करायचं काय, तर मोटरची प्लेट वाचा. सिंगल फेज २ एचपी मोटर फुल लोडला साधारण १० ते १२ अँपिअर खाते, पण चालू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढते. म्हणून मेन बोर्डातून मशीनला वेगळीच लाईन आणा, तांब्याची अडीचची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर, अंतर जास्त असेल तर चारची. दीडच्या वायरवर ३० मीटर लांब नेलं तर स्टार्टिंगला ४० व्होल्टच्या आसपास वाटेतच पडतात, मग मोटर नुसती हुं हुं करते, फिरत नाही, आणि तशीच चालू ठेवली की वाइंडिंग जळतं. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारं स्विच, १६ अँपिअरचा सी टाइप घ्या, तो स्टार्टिंगचा झटका सहन करतो, बी टाइप स्टार्टिंगलाच पडू शकतो. डस्ट कलेक्टर (धूळ ओढणारं मशीन) असेल तर त्याचा लोड वेगळा धरा.

पण एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की लगेच लाईन तोडणारं स्विच, पाहिजेच, महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटन दाबून पडतो का ते बघायचं.

अर्थिंगमध्ये आपल्याकडे एक घाण सवय आहे, सॉकेटमध्ये न्यूट्रल (करंट परत जायची वायर) आणि अर्थला वायरचा तुकडा जोडून देतात आणि झालं म्हणतात. असं अजिबात करू नका. मागे कुठे न्यूट्रल सुटला की मोटरमधून येणारा करंट त्या तुकड्यातून सरळ मशीनच्या बॉडीवर येतो, म्हणजे ज्या पत्र्यावर हात ठेवून आपण फळी दाबतो त्याच्यावर २३० व्होल्ट. वेगळा खड्डा करून पाईप, कोळसा, मीठ टाकून अर्थ घ्या. आणि आपल्याकडे मे महिन्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ओल खाली जाते तशी अर्थ पण कमजोर होते, म्हणून उन्हाळाभर दोन-चार दिवसांनी खड्ड्यात पाणी टाकत जा. खड्डा आणि मेन बोर्डाचं काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या, तपासणी पण त्यालाच करायला लावा.

मशीनवर साधं स्विच नको, नो व्होल्ट आणि ओव्हरलोडवाला स्टार्टर बसवा, म्हणजे लाईट गेली किंवा लोड जास्त झाला की तो पडतो आणि बटन दाबल्याशिवाय मशीन परत चालू होत नाही. लाईट जाते, आपण बेल्ट सरळ करायला हात घालतो आणि तेवढ्यात लाईट येते, साध्या स्विचवर मशीन आपोआप चालू होणार, बोटं गेलीच समजा. केळीच्या मळ्यातल्या पंपाला लाईट आली की आपोआप चालू करणारा ऑटो लावतात तसं इथे चुकूनही लावू नका. लाल स्टॉप बटन कोपराने किंवा मांडीने पण दाबता येईल अशा जागी ठेवा. आणि घासपेपरचा बेल्ट बदलताना बटनावर विसंबू नका, प्लगच उपटून ठेवा.

थ्री फेज मोटर असेल तर ४१५ व्होल्टचं प्रकरण आहे, स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर घ्या, एक फेज गेला तर तो मोटर बंद करतो, म्हणून मोटर वाचते. बेल्ट त्याच्यावरच्या बाणाच्या उलटा फिरला तर मेन बंद करून कुठल्याही दोन फेज आपसात बदलायच्या.

बोर्ड भुसा उडतो त्या बाजूला नको. सँडरची धूळ पिठासारखी बारीक असते, स्विचमध्ये जाऊन बसते, आणि कनेक्शन ढिलं असलं की ठिणगीने तीच पेटते. झाकणवाला बंद डबा घ्या, वायर आत जाते तिथे ग्लँड (वायर घट्ट धरून फट बंद करणारी बुशी) लावा, जमिनीवरची वायर पाईपात टाका.

सगळं झालं की दहा मिनिटं काम करा, मशीन थांबवा, मेन बंद करा आणि प्लग हाताने चाचपून बघा. गरम लागला तर आतला स्क्रू ढिला आहे किंवा सॉकेट हलकं आहे, त्याच दिवशी बदला.