फोन हरवला, घड्याळ हातातच राहिलं, आता नवीन फोनला कसं जोडायचं

मागच्या महिन्यात बाबांचा फोन दादरच्या गर्दीत गेला, खिशातून कधी काढला कळलंच नाही. घरी आले तर हातातल्या स्मार्टवॉचवर त्या दिवशीचे स्टेप छान दिसत होते आणि फोन मात्र नाही. नवीन फोन आणला, घड्याळ काही केल्या जोडलं जाईना, मग मी घाईघाईत घड्याळ रिसेट केलं आणि तिथेच चुकलं. अँजिओप्लास्टी झाल्यापासून बाबा रोज चालतात आणि ते आकडे डॉक्टरांना दाखवतात. अ‍ॅपमध्ये पहिल्या दिवशी लॉगिन न करता स्किप केलेलं होतं, म्हणजे सगळा हिशोब जुन्या फोनमध्येच, तो फोनबरोबर गेला, आणि घड्याळात जे शेवटचे काही दिवस उरले होते ते मी रिसेटमध्ये घालवले. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं लिहितेय.

सगळ्यात आधी घड्याळातलं फाइंड फोन दाबून बघा. ब्लूटूथची रेंज साधारण १० मीटर, त्यामुळे घड्याळ कनेक्टेड दाखवत असेल तर फोन घरातच कुठेतरी गादीखाली वगैरे आहे. डिस्कनेक्टेड असेल तर फोन लांब गेलाय किंवा बंद केलाय.

मग घड्याळ बाजूला ठेवा आणि सिमचं बघा. जुनं सिम बंद करून त्याच नंबरचं नवीन काढा, बँकेला कळवा. नवीन सिम चालू झालं तरी पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, कोणी दुसऱ्याच्या नावाने सिम काढून ओटीपी पळवू नये म्हणून तो नियमच आहे, त्यामुळे ओटीपी येत नाही म्हणून दुकानात परत धावू नका आणि घड्याळाच्या अ‍ॅपचं लॉगिन मोबाईल नंबरवर असेल तर तो एक दिवस थांबाच.

तेवढ्यात दुसऱ्या कोणाच्या फोनवरून गुगलच्या फाइंड हबमध्ये तुमच्या अकाउंटने जा, लोकेशन बघा, फोन लॉक करा. इरेज शेवटी करा कारण इरेज झाल्यावर लोकेशन दिसायचं बंद होतं. आयएमईआय म्हणजे फोनचा १५ आकडी नंबर बॉक्सवर असतो, बॉक्स टाकून दिला असेल तर फाइंड हबमध्येही फोनच्या माहितीत सापडतो. पोलिसांत तक्रार करून तिची कॉपी घ्या आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो आयएमईआय देऊन फोन ब्लॉक करायची रिक्वेस्ट टाका, मग तो फोन भारतातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही.

आता घड्याळ. आधी चार्ज करा, निदान अर्धी बॅटरी पाहिजे. नवीन फोनमध्ये तेच अ‍ॅप टाका जे आधी होतं, आणि हे नीट बघा कारण एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मॉडेलना वेगवेगळी अ‍ॅप असतात, बहुतेक घड्याळांच्या सेटिंगमध्ये क्यूआर कोड असतो तो स्कॅन केला की बरोबर अ‍ॅप उघडतं. लॉगिन जुन्याच ईमेलने करा. नवीन अकाउंट काढलंत तर मागचं काही दिसणार नाही, आणि काही कंपन्यांची घड्याळं जुन्या अकाउंटला बांधलेली असतात, ती दुसऱ्या अकाउंटला जोडूच देत नाहीत.

इथे सगळेजण जी चूक करतात ती म्हणजे फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन घड्याळ पेअर करणं. तसं करू नका, केलं असेल तर तिथून फर्गेट करा. जोडायचं ते अ‍ॅपमधूनच, अ‍ॅड डिव्हाइस करून. ब्लूटूथ चालू, लोकेशन चालू, अँड्रॉइड १२ किंवा पुढचं असेल तर निअरबाय डिव्हाइसेसची परवानगी द्या, जुन्या अँड्रॉइडमध्ये लोकेशनची परवानगी दिल्याशिवाय घड्याळ लिस्टमध्ये येतच नाही. बिल्डिंगमध्ये तेच मॉडेल अजून कोणाकडे असेल तर लिस्टमध्ये एकाच नावाची दोन दिसतात, तेव्हा घड्याळाच्या अबाउटमध्ये मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे प्रत्येक घड्याळाचा वेगळा ओळख नंबर असतो त्याची शेवटची चार अक्षरं जुळवून बघा. कॉलिंगवालं घड्याळ असेल तर अ‍ॅपमधलं झाल्यावर कॉलसाठी दुसरं पेअरिंग वेगळं विचारतं, तेही करा.

एवढं करूनही जुळलं नाही तरच रिसेट. आणि त्याआधी घड्याळात जे आकडे दिसतायत, स्टेप, झोप, हार्ट रेट, त्या स्क्रीनचे दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा. मी हे केलं असतं तर निदान त्या आठवड्याचं तरी डॉक्टरांना दाखवता आलं असतं. रिसेट साधारण सेटिंगमध्ये सिस्टम नाहीतर अबाउटमध्ये असतं.

महागड्या घड्याळांचं थोडं वेगळं आहे. सॅमसंग गॅलेक्सी वॉच ४ किंवा पुढचं असेल आणि सॉफ्टवेअर अपडेट केलेलं असेल तर घड्याळाच्या सेटिंगमध्ये जनरलखाली नवीन फोनवर ट्रान्सफर करायचा पर्याय असतो, सगळं पुसावं लागत नाही. पण ही घड्याळं आयफोनला जोडता येत नाहीत आणि अ‍ॅपल वॉच अँड्रॉइडला, नवीन फोन घेताना हे डोक्यात ठेवा. अ‍ॅपल वॉच असेल तर आधी नवीन आयफोन आयक्लाउडच्या बॅकअपवरून रिस्टोर करा, घड्याळाचा बॅकअप त्यातच असतो, मग घड्याळ त्याच्या सेटिंगमधून इरेज करून पेअर करा. अ‍ॅपल अकाउंटचा पासवर्ड विचारेल, तो नसेल तर गाडी तिथेच अडते. आणि हरवलेला आयफोन अकाउंटमधून काढून टाकू नका, तो तिथे आहे तोवर चोराला त्याचा काही उपयोग नाही.

जोडलं गेलं आणि दोन तासांनी परत तुटलं तर घड्याळ खराब नाहीये. आजकालचे बरेच फोन बॅटरी वाचवायला मागचं अ‍ॅप बंद करून टाकतात. अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये नो रिस्ट्रिक्शन करा, ऑटोस्टार्ट चालू करा, नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस द्या. नवीन फोनमध्ये ह्या परवानग्या सगळ्या पहिल्यापासून द्याव्या लागतात.

रिसेट केलं असेल तर घड्याळातले अलार्मही गेलेले असतात हे लक्षात येत नाही. बाबांचा रात्री नऊच्या गोळीचा अलार्म घड्याळावरच होता, दोन दिवस वाजला नाही तेव्हा आईने विचारलं. वॉचफेस, कॉन्टॅक्ट वगैरे नंतर सावकाश करा, गोळ्यांचे अलार्म मात्र पेअर झाल्या झाल्या लावा आणि एकदा वाजवून बघा.