“हिला काही नाही, नुसतं टेन्शन घेते”: मानसोपचारात या चुका टाळा

डॉक्टर विचारतात, “काय होतंय?” उत्तर देते सासू: “हिला काही नाही हो, नुसतं टेन्शन घेते.” खुर्चीतली बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते. घरच्यांनी हकीकत सांगावी, ती लागतेच. पण दहा मिनिटं तिला एकटीला बोलू द्या.

बोलली तरी “मी उदास आहे” असं ती म्हणेलच असं नाही. छातीत धडधडतं, डोक्याला मुंग्या येतात, अंग जड पडतं, कशात जीव लागत नाही, असंच सांगेल. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन जरूर तपासा. पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून “काही झालेलं नाही” असं सांगून घरी पाठवू नका. झोप, भूक, जगणं नकोसं वाटतं का, हेही विचारा. अमेरिकेतल्या डीएसएम-५ या निदानाच्या ग्रंथात (२०१३) संस्कृतीचा अदमास घेणारे १६ प्रश्न आहेत. हा त्रास घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगता, तो कशामुळे झाला असं वाटतं, असे ते प्रश्न. आपल्या ओपीडीच्या रांगेत सोळा जमणार नाहीत, हे दोन तरी जमावेत.

अंगात येणं हा आजार आहे का? नवरात्रात संबळ वाजला की घुमणारी आणि तासाभरात घरी येऊन भाकऱ्या थापणारी बाई आजारी नसते. समाजाला मान्य असलेल्या धार्मिक विधीतलं अंगात येणं जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, आयसीडी-११ सुद्धा आजार धरत नाही. तेच नको असताना, अवेळी येऊ लागलं, कामधंदा बुडू लागला, तर दाखवा. शिकलेली मंडळी पहिलीलाच वेडी ठरवतात, आणि दुसरीला वर्षानुवर्षं फक्त उतारे मिळतात.

देवऋषाकडे जाऊन आलात तर डॉक्टरांना सांगा. डॉक्टर, तुम्हीही झापू नका, पुढच्या वेळी खरं कळणार नाही. मारहाण आणि साखळी मात्र अजिबात नको. तमिळनाडूत एर्वाडी इथे मनोरुग्णांना ठेवलेल्या जागेला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, साखळ्यांनी बांधलेल्यांना पळता आलं नाही, २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळीवर बंदी आहे.

लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्यांनी निर्जळी उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पाणी आणि मीठ कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं. हाताला जोराचा कंप, उलट्या, जुलाब, तोल जाणं दिसलं तर तडक दवाखाना गाठा. वारीला उन्हातान्हात चालणाऱ्यांनाही हेच लागू. “आज उपास, गोळी नको” हेही मनानंच ठरवू नका.

आणि ते “लग्न लावून द्या, सुधारेल”! नवरदेव गोळ्या बॅगेच्या तळाशी दडवतो, बायकोला कळू नये म्हणून बंद करतो, आणि बंद गोळ्यांनी आजार उलटतो. त्यात लग्नाची जागरणं. गोळ्यांचं पाकीट साखरपुड्याआधीच, बैठकीत सगळ्यांसमोर ठेवा. सोयरीक मोडली तरी चालेल. कुणाशी बोलायचं हेच कळत नसेल तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लावा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.