बेडरूममध्ये वाय-फाय रेंगाळतंय? नवा राऊटर घेण्याआधी या चुका टाळा

हॉलमध्ये नेट सुसाट आणि बेडरूमचं दार ओलांडलं की व्हिडिओ कॉल अडकतो. अशा वेळी लोक आधी प्लॅन वाढवतात, मग सहा अँटेनांचा राऊटर आणतात. बरेचदा दोन्ही खर्च वाया जातात, कारण खोट असते ती राऊटर ठेवलेल्या जागेत.

न मोजताच पैसे घालणं

लॅपटॉप लॅन केबलने थेट राऊटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. केबलवर प्लॅनइतका वेग आला तर तक्रार वाय-फायची. केबलवरही कमीच असेल तर राऊटर कुठेही हलवा, फरक पडणार नाही. प्लॅन 200 एमबीपीएसचा आणि आकडा 94-95 च्या वर सरकतच नाही, हे हमखास भेटणारं लक्षण. वाटेतला एखादा पोर्ट (केबलचं भोक) 100 एमबीपीएसचाच असतो, नाहीतर केबल खराब असते. गिगाबिटला (1000 एमबीपीएसला) केबलमधल्या आठही तारा लागतात, 100 ला चार पुरतात. एखादी तार तुटली की जोडणी गुपचूप 100 वर उतरते आणि शिव्या कंपनीला बसतात.

रेंज मोजताना मोबाइलवरच्या दांड्यांवर विसंबू नका. अँड्रॉइडवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) आकडा दाखवतं. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका चांगला. उणे 50 उत्तम, उणे 67 पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे 75 च्या पलीकडे रखडपट्टी. पलंग, अभ्यासाचं टेबल, किचनचा ओटा अशा जागी उभं राहून आकडे कागदावर लिहून ठेवा. 3 डीबी घट म्हणजे ताकद निम्मी, 10 डीबी घट म्हणजे एक दशांश.

फायबर जिथे आली, तिथेच राऊटर

फायबरवाला मुख्य दारातून वायर आत घेतो आणि पहिल्या प्लगपाशी डबा (फायबर ज्यात येते ते यंत्र, त्यातच राऊटरही असतो) ठोकून मोकळा होतो. राऊटर असा घराच्या एका टोकाला बसला की अर्धी रेंज जिन्याला आणि शेजाऱ्यांना. त्यातून तो टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात गेला तर टीव्हीच्या मागचा पत्रा आडवा येतो, शिवाय आत गरम होऊन तो अधूनमधून स्वतःच रीस्टार्ट होतो. फ्रिज, लोखंडी कपाट, आरशाचा वॉर्डरोब, माळ्यावरची पाण्याची टाकी हे सगळे अडथळेच. आरसा काचेचा दिसला तरी त्याच्या मागे धातूचा थर असतो.

भिंतींमध्येही फरक आहे. राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतो: 2.4 गीगाहर्ट्झ भिंतींपलीकडे लांब जातो, 5 गीगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीत लवकर अडतो. 5 गीगाहर्ट्‌झवर लाकडी दार 3-4 डीबी खातं, चार इंची विटांची भिंत ढोबळमानाने 5 ते 8, आणि आरसीसीची भिंत 15-20 किंवा त्याहूनही जास्त. जुन्या इमारतींत खांब-तुळया काँक्रीटच्या आणि मधल्या भिंती विटांच्या असतात. पुण्या-ठाण्याकडच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीचं बांधकाम असतं, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा सळ्यांसकट काँक्रीटच्या. अशा दोन भिंती मध्ये आल्या की 5 गीगाहर्ट्‌झ संपलंच समजा. तिथे एका राऊटरवर तीन खोल्या भागवायचा हट्ट सोडलेला बरा.

टूबीएचकेत बहुधा सगळ्यात चांगली जागा पॅसेजमध्ये असते, जिथे दोन्ही बेडरूमची दारं उघडतात. पाच ते सात फूट उंचीवर, उघड्यावर, अँटेना उभ्या. अँटेनाच्या टोकाच्या दिशेने रेंज सगळ्यात कमी, आजूबाजूला जास्त. त्यामुळे टोकं खोलीकडे रोखून ठेवण्याने उलटाच परिणाम होतो. वरच्या मजल्यावर रेंज हवी असेल तर एखादी अँटेना आडवी करून बघा.

फायबरचा डबा स्वतः हलवू नका. फायबर तीन सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळली की प्रकाश गळतो, आणि हिरवं कनेक्टर काढून बोट लागलं की तेवढ्या मळानेही सिग्नल पडतो. डबा राहू दे दारापाशी, तिथून पॅसेजपर्यंत कॅट 6 (गिगाबिट झेपणारी लॅन केबल) ओढा. जुन्या टेलिफोनच्या किंवा केबल टीव्हीच्या कन्सील्ड पाइपमधून इलेक्ट्रिशियन स्प्रिंग घालून ती काढून देतो. पाइप नसेल तर कोपऱ्यातून पट्टी. केबल शुद्ध तांब्याचीच मागा. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते आणि वळणावर तुटते.

दुसरा राऊटर नुसता जोडून देणं

डब्यातही राऊटर असतो. त्याला दुसरा तसाच जोडला की घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि हॉलमधला प्रिंटर बेडरूममधल्या लॅपटॉपला दिसत नाही. दुसऱ्या राऊटरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (ज्यात तो नुसतं वाय-फाय देतो, वेगळं नेटवर्क बनवत नाही) असेल तर तो लावा. नसेल तर केबल जोडण्याआधी त्याचा पत्ता बदला (डबा 192.168.1.1 असेल तर 192.168.1.2), डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आणि डब्याकडून आलेली केबल वॅन (बाहेरचं नेट आत घेणाऱ्या) पोर्टात न लावता लॅन पोर्टात लावा. दोन्हीकडे नाव-पासवर्ड एकच ठेवा.

रिपीटर मेलेल्या कोपऱ्यात लावणं

रिपीटर म्हणजे आलेला सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र. जिथे रेंजच नाही तिथे तो पुढे काय पाठवणार? त्याची जागा अर्ध्या वाटेवर, जिथे मूळ राऊटरचा आकडा उणे 60-65 पर्यंत तरी आहे. साधा रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. मेशच्या (आपसात जोडून घरभर एकच वाय-फाय देणाऱ्या) डब्यांनाही जागेचा हाच नियम. केबल ओढणं शक्य असेल तर ते दोघांपेक्षा सरस.

2.4 वर रुंद चॅनल

इमारतीत 2.4 गीगाहर्ट्‌झला चॅनलची रुंदी 20 मेगाहर्ट्‌झच ठेवा आणि 1, 6, 11 पैकी सगळ्यात कमी गर्दीचं निवडा. 3 किंवा 9 रिकामं दिसतं म्हणून तिथे बसू नका. एकाच चॅनलवरचे राऊटर पाळीपाळीने बोलतात. अर्धवट वर चढलेल्या चॅनलवरचे एकमेकांसाठी नुसता गोंगाट असतात. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे दूध गरम करताना नेट अडखळलं तर नवल नाही.

अँटेना मोजून खरेदी

राऊटर कितीही जोरात ओरडला तरी मोबाइलचं उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचायला हवं, आणि मोबाइलचा आवाज छोटाच. दांड्या भरलेल्या आणि नेट ठप्प, असं दिसतं ते बरेचदा यामुळे. घेताना ड्युअल बँड, वाय-फाय 6 आणि गिगाबिट पोर्ट बघा. वॅन आणि लॅन दोन्ही गिगाबिट आहेत का ते खोक्यावर वाचा.

लोडशेडिंगसाठी मिनी यूपीएस घेणार असाल तर राऊटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळवा. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. कमी पडले तर राऊटर पुन्हा पुन्हा चालू-बंद होतो. डबा आणि राऊटर वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर यूपीएस दोन लागतील. पॅसेजमधला राऊटर चालू आणि दारापाशी डबा मेलेला, असं झालं तर वाय-फायची खूण पूर्ण दिसते, नेट मात्र शून्य.