स्वस्त असेंबल्ड पीसीवर लिनक्स मिंट टाकताना मशीन अडकते, तेव्हा

एच61 मदरबोर्ड, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा सेकंडहँड इंटेल आय3 किंवा आय5, 8 जीबी डीडीआर3 रॅम, 240 जीबी एसएसडी आणि जेमतेम दर्जाचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा तालुक्याच्या दुकानात काय, कमी बजेटमध्ये असाच पीसी जोडून मिळतो. हे प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत बसत नाहीत आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम चांगला पर्याय आहे. पण इन्स्टॉलेशन मध्येच बंद पडले की लोक लिनक्सला दोष देऊन मोकळे होतात. खरे कारण बहुधा हार्डवेअरमध्ये असते. इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरची दाबून भरलेली फाइल सिस्टीम उलगडतो, तो सगळा डेटा रॅममधून जातो, प्रोसेसर तापतो आणि डिस्कवर सलग काही जीबी लिहिले जातात. एरवी ब्राउझर उघडून बसल्यावर न दिसणारा दोष इथे उघडा पडतो.

म्हणून आधी मशीन नेमके कसे थांबते ते बघा आणि स्क्रीनचा फोटो काढा. काहीही संदेश न देता पटकन बंद झाले किंवा रिस्टार्ट झाले, तर संशय उष्णतेवर आणि एसएमपीएसवर. ‘एरर 5, इनपुट-आउटपुट एरर’ किंवा ‘स्क्वॉशएफएस एरर’ आला, तर पेनड्राइव्ह, रॅम किंवा डिस्क. दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर अडकले, तर रॅम. सुरुवातीलाच काळी स्क्रीन आली, तर ग्राफिक्स. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशामुळे गेला ते कळणार नाही.

पेनड्राइव्हची तपासणी सर्वात स्वस्तात होते. आयएसओचा (मिंटच्या डाउनलोड केलेल्या फाइलचा) शा-256 चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा लांब कोड, मिंटच्या साइटवरच्या कोडशी जुळवा. रूफस या पेनड्राइव्ह तयार करायच्या प्रोग्रॅममध्ये फाइल निवडल्यावर शेजारच्या टिकमार्कच्या बटणाने तो काढता येतो. बॅलेना एचर या तशाच प्रोग्रॅमने लिहिल्यास ‘व्हॅलिडेट’ची पायरी वगळू नका. पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला न लावता मागे, थेट बोर्डावरच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टची आतली वायर स्वस्त कॅबिनेटमध्ये अनेकदा सैल असते.

रॅमसाठी मात्र घाई करू नका. पॉवर केबल काढा, मॉड्यूल बाहेर काढा, सोनेरी पट्ट्या स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि दोन्ही बाजूंनी ‘टक’ आवाज येईपर्यंत परत बसवा. मग मेमटेस्ट86+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची 6 किंवा त्यानंतरची आवृत्ती वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन चालवा. ती युईएफआय, म्हणजे नव्या धाटणीच्या बायोसवरही चालते. किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या, जमल्यास रात्रभर चालू ठेवा. इथे एक एररसुद्धा चालत नाही. लाल ओळ दिसली की एकच मॉड्यूल ठेवून पुन्हा तपासा, मग दुसरे. एररा मॉड्यूलबरोबर फिरल्या तर मॉड्यूल खराब. कोणतेही मॉड्यूल घातले तरी एकाच स्लॉटमध्ये एररा येत असतील, तर स्लॉट किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन. दोन्ही मॉड्यूल एकटी नीट चालतात पण जोडीने नाही, तर वेगवेगळ्या कंपन्यांची मॉड्यूल एकमेकांशी जुळत नाहीत. दुसऱ्या पिढीचे प्रोसेसर अधिकृतपणे रॅमच्या 1333 वेगापर्यंतच जातात, तेव्हा बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) 1600 ठेवले असेल तर ते खाली आणा. ‘फक्त एएमडीसाठी’ असे लिहिलेली स्वस्त डीडीआर3 रॅम इंटेल बोर्डासाठी घेऊच नका.

डिस्क तपासायला मिंटच्या लाइव्ह सेशनमध्ये (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या मिंटमध्ये) ‘डिस्क्स’ उघडा आणि मेनूतून स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद बघा. हार्ड डिस्क असेल तर 5 आणि 197 क्रमांकांच्या ओळींत शून्याऐवजी वाढता आकडा दिसणे वाईट. अशा डिस्कवर सिस्टीम टाकू नका. 199 क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्क ठीक असते, दोष साटा केबलचा (डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या केबलचा) असतो. तो आकडा केबल बदलल्यावर कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

उष्णतेत नेहमीची चूक कूलरची. या सॉकेटच्या मूळ कूलरला चार पुश-पिन असतात आणि त्यातली एक जरी अर्धवट बसली तरी कूलर प्रोसेसरवर तिरका टेकतो. बायोसच्या हार्डवेअर मॉनिटरवर दहा मिनिटे लक्ष ठेवा. नुसते बायोसमध्ये बसून तापमान 75-80 अंशांकडे सरकत असेल तर कूलर काढा, जुनी वाळलेली पेस्ट पुसा, मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावा आणि पिना तिरक्या समोरासमोरच्या जोडीने दाबा. बोर्डाच्या मागून चारही पिनांची टोके बाहेर आलेली दिसली पाहिजेत.

एसएमपीएससाठी मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा आणि मशीन चालू असताना मोकळ्या मोलेक्स कनेक्टरवर (एसएमपीएसच्या चार वायरींच्या प्लगवर) मोजा: काळ्या आणि पिवळ्या वायरमध्ये 11.4 ते 12.6, काळ्या आणि लाल वायरमध्ये 4.75 ते 5.25 व्होल्ट. इन्स्टॉलेशन सुरू असताना आकडा या मर्यादेखाली घसरला तर एसएमपीएस बदला. एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज राहते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्या.

काळ्या स्क्रीनसाठी मिंटच्या बूट मेनूत ‘कंपॅटिबिलिटी मोड’ आहे. त्यातून सुरू करून इन्स्टॉल करा. जुने एनव्हिडिया कार्ड असेल तर नंतर ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून योग्य ड्रायव्हर टाका. तरीही काही सुटले नाही तर पॉवर केबल काढून बोर्डावरच्या जंपरने बायोसच्या सेटिंग्ज रिसेट करा आणि साटा मोड ‘एएचसीआय’ आहे ना ते बघा. तारीख दर वेळी मागे जात असेल तर बोर्डावरचा गोल सीआर2032 सेल नवा घाला.

वॉरंटीतला भाग परत करताना मेमटेस्टच्या लाल ओळींचा किंवा स्मार्ट डेटाचा फोटो आणि पावती बरोबर न्या. दुकानात पाच मिनिटे मशीन चालवून ‘काहीच प्रॉब्लेम नाही’ म्हणतील, तेव्हा तिथेच मेमटेस्टची पूर्ण फेरी लावायला सांगा.